दाराआडची तार

गुरुवारी साडेअकराच्या सुमारास, ओपीडीची रांग निम्मी झालेली असताना, जिल्हा औषध भांडाराचं पत्र अपेक्षाच्या मोबाइलवर येऊन पडलं. पत्र चारच ओळींचं होतं. रक्तदाबाच्या गोळ्यांची एक बॅच, शेवटचे आकडे ४४७, तपासणीत नापास झाली होती. गोळीत असायला हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी औषध भरलेलं होतं. शिल्लक माल वेगळा काढा, वाटलेला परत घ्या, आणि किती जणांकडून परत घेतला ते सोमवारपर्यंत कळवा.

पडेगाव ओलांडून दौलताबादच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला जो पिवळ्या रंगाचा दवाखाना लागतो, तिथं अपेक्षा आठ महिन्यांपासून औषधांचं काम बघत होती. बी. फार्म. पहिल्या वर्गात, हिशेब चोख, आणि एखादी गोष्ट तशी का आहे हे कळल्याशिवाय चैन न पडण्याचा स्वभाव. आल्या आल्या तिनं सगळा साठा संगणकावर घेतला होता. किती आलं, किती गेलं, कशाची मुदत कधी संपते, हे तिला एका बोटावर सांगता यायचं आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

म्हणून पत्र वाचून ती घाबरली नाही. साठ्याच्या खोलीत गेली. मांडणीत अगदी मागच्या ओळीत ४४७ च्या अकरा डब्या होत्या. संगणक सांगत होता, वीस आल्या. म्हणजे नऊ गेल्या. एका डबीत शंभर गोळ्या, म्हणजे नऊशे.

कुणाला गेल्या, हे मात्र संगणक सांगत नव्हता.

त्यानं ते सांगावं असं तिनं त्याला कधी शिकवलंच नव्हतं. या गोळ्या पट्टीत येत नसत. शंभराच्या प्लास्टिकच्या डबीत सुट्या यायच्या, दर डबी वेगळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि अपेक्षा त्या ट्रेमध्ये मोजून कागदी पाकिटात घालून द्यायची. रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहिली जायची. कुठल्या डबीतून दिल्या ते कुणी लिहीत नव्हतं. दोन बॅचच्या गोळ्या शेजारी ठेवल्या तर आईलाही ओळखू येणार नाहीत इतक्या सारख्या, पांढऱ्या, बारीक.

४४७ चा माल आला त्याला सोळा दिवस झाले होते. रक्तदाबाच्या रुग्णांचा वार मंगळवार. तेव्हापासून तीन मंगळवार झाले, दर मंगळवारी पंचेचाळीसेक माणसं, म्हणजे एकशे पस्तीस. माणशी महिन्याच्या तीस गोळ्या धरल्या, तर त्यांतली तीसच्या आसपास माणसं रोज सकाळी इमानेइतबारे गोळी घेत होती, आणि गोळीत औषध जेमतेम होतं.

दवाखान्याच्या डॉ. झीशान यांनी पत्र दोनदा वाचलं. ते कमी बोलणारे आणि पटकन निर्णय घेणारे. त्यांनी विचारलं, सगळ्या एकशे पस्तीस जणांना बोलावून गोळ्या बदलून दिल्या तर? अपेक्षानं आकडा आधीच काढला होता. कुणाचा निम्मा महिना सरला होता, कुणाचे दोनच दिवस; सगळ्यांच्या उरलेल्या दिवसांसाठी जवळजवळ तीन हजार गोळ्या लागणार होत्या. चांगल्या बॅचच्या डब्या शिल्लक होत्या सहा. नवा माल पुढच्या आठवड्यात येणार होता, तोही आला तर.

"म्हणजे सहाशेच गोळ्या," डॉक्टर म्हणाले. "आणि ज्यांच्याकडे चांगल्या आहेत त्यांच्याही काढून घेतल्या तर आपणच त्यांचा बीपी वाढवू. ती तीस माणसं नेमकी कोण, हे कळायला हवं, अपेक्षा. बाकी सगळं त्यानंतर."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण अपेक्षानं टेबलावरचा रक्तदाबाच्या रुग्णांच्या केसपेपरांचा गठ्ठा पुढं ओढला. गठ्ठ्यात सगळ्यात वर असलेल्या माणसाला मागच्या वर्षी लकवा मारून गेला होता. तशी आणखी किती असतील?

ती साठ्याच्या खोलीत परत आली आणि आठवायला बसली. सोळा दिवसांपूर्वी गाडी आली तेव्हा मी काय करत होते? डब्या कुठं ठेवल्या? पहिली कधी उघडली? काही म्हणता काही आठवेना. प्रयोगशाळेत वही न लिहिता प्रयोग केल्यावर जसं होतं तसंच झालं होतं. आणि वही न लिहिणारी ती स्वतःच होती.

सारजाबाई दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. दवाखान्यात परिचर म्हणून त्यांची चोवीस वर्षं झाली होती. औषधांच्या खोलीतली उचल-ठेव, खोकी उघडणं, रिकाम्या डब्या बाहेर काढणं हे काम त्यांचं. शाळा तिसरीपर्यंत. आकडे ओळखता येत, अक्षरं जुळवायला वेळ लागे. बोलणंही कामापुरतंच.

"कंच्या गोळ्या, मॅडम?" त्यांनी विचारलं. "त्या बारक्या डबीतल्या?"

अपेक्षानं मान हलवली आणि, कुणाला तरी सांगावं म्हणून, सगळं सांगितलं. सारजाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या फ्रिजच्या मागं हात घालून काहीतरी ओढू लागल्या, आणि चोरी पकडली जावी तशा चेहऱ्यानं त्यांनी ते अपेक्षाच्या पुढं धरलं.

"तुमी टाकून द्या म्हणला व्हता," त्या म्हणाल्या. "म्या टाकलं नाय."

अपेक्षानं ते ओळखलं. सायकलचं स्पोक वाकवून केलेला आकडा, आणि त्यावर ओवलेले पुठ्ठ्याचे शेकडो तुकडे. ती रुजू झाली त्या आठवड्यात हा आकडा दाराच्या आडोशाला खिळ्यावर लटकत होता. साफसफाई करताना तिनंच सांगितलं होतं, मावशी, हा कचरा काढा, आता सगळी नोंद संगणकात आहे. सारजाबाई "व्हय" म्हणाल्या होत्या आणि तार दिसेनाशी झाली होती. ती फ्रिजच्या मागं गेली होती आणि तिथं आठ महिने वाढत राहिली होती.

पुठ्ठ्याचा प्रत्येक तुकडा म्हणजे औषधाच्या खोक्याच्या झाकणाची पट्टी, जिच्यावर बॅच आणि मुदत छापलेली असते. खोकं उघडलं की सारजाबाई पट्टी फाडून ओवायच्या. आणि मधून मधून एकेक पातळ कागद होता. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं पान, मोठा आकडा, खाली मराठीत आणि उर्दूत वार.

"सांजच्याला खोली बंद करताना त्या दिसाचं पान फाडते अन् वरून ओवते," सारजाबाई म्हणाल्या. "म्हंजी त्या पानाच्या खालचं समदं त्या दिसाचं. तार भरली की खालचं जुनं काढून गठ्ठा बांधते."

अपेक्षानं एक पान उचलून त्याखालच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. कॉलेजात असताना तिच्या वर्गाला एकदा घाटात रस्त्यासाठी कापलेला कडा दाखवायला नेलं होतं. सरांनी काठीनं लाव्ह्याचे थर मोजून दाखवले होते. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, मधली लाल मातीची रेघ म्हणजे दोन उद्रेकांमधली शांतता. ते सगळं इथं एका स्पोकवर ओवलेलं होतं.

पण विश्वास ठेवण्याआधी तपासायला हवं. तिनं मागच्या शुक्रवारचं पान शोधलं, त्याखालच्या पट्ट्या मोजल्या आणि संगणकाशी ताडून पाहिल्या. खोकल्याच्या औषधाची सात खोकी. संगणकातही सातच. त्याआधीचा बुधवार पाहिला. जुळला. आणखी एक दिवस पाहिला, तोही जुळला. तेव्हा कुठं तिनं सोळा दिवसांपूर्वीच्या मंगळवारी हात घातला.

त्या दिवशी रक्तदाबाच्या चौदा डब्या उघडल्या होत्या. तिनं पट्ट्या खालून वर, एकेक करून वाचल्या. पहिल्या तीन जुन्या बॅचच्या. मग ४४७. पुन्हा ४४७. सलग नऊ. आणि त्यावर पुन्हा दोन जुन्या. पुढच्या दोन्ही मंगळवारच्या पट्ट्यांमध्ये ४४७ एकही नव्हती.

एकाच दिवशी, सलग नऊ. तिनं त्या मंगळवारचं रजिस्टर उघडलं आणि गोळी घेणाऱ्यांपुढचे आकडे क्रमानं मिळवत गेली. पहिल्या तीनशे गोळ्या दहा जणांत संपल्या. पुढच्या नऊशे गोळ्या अठ्ठावीस जणांना गेल्या. सव्वीस जणांना तीस-तीस आणि दोघांना साठ-साठ. आदल्या आठवड्याची अर्धी डबी ट्रेजवळ असेल तर एखादं नाव इकडचं तिकडं होऊ शकलं असतं. म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन नावं तिनं जास्तीची धरली. बत्तीस.

एकशे पस्तीसाचे बत्तीस झाले आणि सहाशे गोळ्या पुरणार होत्या.

तेवढ्यात तिच्या मनात दुसरा प्रश्न आला. नव्या डब्या मधेच कशा आल्या, आणि मधेच थांबल्या कशा? नवा माल मागं आणि जुना पुढं, हा तर या कामातला पहिला धडा. तिनं सारजाबाईंना विचारलं.

सारजाबाईंनी आधी फडकं घडी केलं. मग म्हणाल्या, "गाडी आली तवा रांग लई व्हती. तुमीच घाईत डब्या मांडल्या, पुढंच. माझ्या ध्यानात आलं नाय. मी आपली एकेक आणून देत व्हते. मंग एकदा हात घातला तर खोक्यावर माझी खडूची रेघच नाय. आलेल्या मालावर रेघ मारून मी मागं लावते. म्हणलं, बिनरेघाचा माल पुढं कसा? तवा उरलेल्या उचलून मागं सारल्या."

"मला सांगितलं का नाही, मावशी?"

"तुमाला माणसं व्हती पुढ्यात."

अपेक्षाचे कान तापले. पुढं मांडल्या तिनं, आणि मागं सारल्या यांनी. यांनी हात घातला नसता तर उरलेल्या अकराही त्याच दिवशी आणि पुढच्या मंगळवारी वाटल्या गेल्या असत्या. हे तिला बोलून दाखवायचं होतं, पण बाहेर सायली येऊन उभी होती. वस्तीवर घरोघरी जाणारी आशा कार्यकर्ती, डॉक्टरांनी फोन करून बोलावलेली. बोलणं राहिलं आणि तिघी यादी घेऊन बसल्या.

शनिवारी दुपारपर्यंत एकतीस नावांवर खुणा झाल्या. काही फोनवर आले, काहींकडे सायली चालत गेली. एक आजोबा गोळ्या परत द्यायला तयारच होईनात. सरकारनं दिलेलं सरकार परत मागतं म्हणजे त्यात नक्की काहीतरी चांगलं असणार, असं त्यांचं म्हणणं. तिघांचा रक्तदाब बराच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी त्यांना पुढचे चार दिवस रोज यायला सांगितलं.

बत्तिसावं नाव आवडाबाईंचं. वय एकसष्ट, रोज दोन गोळ्या. दोन वर्षांपूर्वी डावी बाजू लुळी पडली होती आणि औषधावर हळूहळू हात-पाय पुन्हा चालू झाले होते. म्हणजे ज्यांना गोळी सगळ्यात जास्त लागत होती, त्यांच्याच पदरात सगळ्यात जास्त फसव्या गोळ्या पडल्या होत्या. रजिस्टरमधला नंबर बंद. पत्त्याच्या रकान्यात नुसतं "दौलताबाद". अपेक्षानं तो नंबर दोन दिवसांत एकोणीस वेळा लावला होता.

"आवडा व्हय?" सारजाबाई म्हणाल्या. "ती आता घरी कशाला घावती. सीताफळाचे दिस हायेत. किल्ल्याखाली रस्त्याला टोपली घेऊन बसली असंल."

अपेक्षानं स्कूटी काढली. मागं सारजाबाई मांडीवर रक्तदाब मोजायचं यंत्र धरून बसल्या. किल्ल्याच्या पायथ्याशी सहलीच्या गाड्यांची गर्दी होती आणि रस्त्याच्या कडेनं टोपल्यांची रांग. प्रत्येक टोपलीमागं एक बाई आणि प्रत्येक बाईच्या डोक्यावर पदर. अपेक्षाला सगळ्या सारख्याच दिसल्या. सारजाबाईंनी अकराव्या टोपलीपाशी खांद्यावर हात ठेवून स्कूटी थांबवली.

आवडाबाई सावलीला टेकून बसल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले, कपाळाला पट्टी बांधलेली. सारजाबाईंना बघून त्यांना आनंद झाला, पण उठायला गेल्या तशा पुन्हा बसल्या.

"उन्हानं डोस्कं धरलंय आठ दिस झालं," त्या म्हणाल्या. "अन् तू कशी काय? फळं घ्यायला आलीस का फुकट न्यायला?"

"तुला न्यायला आलेय," सारजाबाई म्हणाल्या. "हात दे इकडं."

अपेक्षानं तिथंच, सीताफळाच्या टोपलीशेजारी, पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे शहाण्णव. तिनं पुन्हा मोजला. एकशे चौऱ्याण्णव. तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि दोन्ही आकडे नीट, सावकाश सांगितले. डॉक्टर म्हणाले, स्कूटीवर नको, रिक्षा करा, झोपवून आणा, मी थांबलोय.

आवडाबाई टोपली सोडायला तयार नव्हत्या. शेजारच्या बाईनं टोपली आपल्याकडे ओढून घेतली आणि, जा गं बाई, तुझी फळं मी माझ्या आधी विकते, असं म्हणून त्यांना वाटेला लावलं. रिक्षात आवडाबाईंनी कनवटीची पिशवी काढून गोळ्यांचं पाकीट अपेक्षाच्या हातात दिलं. अपेक्षानं सवयीनं मोजल्या. साठातल्या चोवीस उरल्या होत्या. अठरा दिवस, रोज दोन. एकही चुकवली नव्हती. या बाईनं एकाही सकाळी, एकाही संध्याकाळी कंटाळा केला नव्हता. अपेक्षानं पाकीट मुठीत धरलं आणि रस्त्याकडे बघत राहिली.

दवाखान्याच्या खाटेवर आवडाबाई साडेचारपर्यंत होत्या. डॉक्टर दर अर्ध्या तासानं येऊन आकडा बघत होते. एकशे ऐंशी, एकशे सत्तर, एकशे छप्पन्न. हात उचलून दाखवा म्हटलं की त्या दोन्ही हात उचलत, आणि आता झालं का समाधान, असं विचारत. डोकं दुखायचं थांबल्यावर त्यांना आपल्या टोपलीची आठवण झाली. नव्या गोळ्यांचं पाकीट देताना अपेक्षानं या वेळी त्याच्यावर बॅचचे तीन आकडे लिहिले, आणि ते कशासाठी हेही त्यांना सांगितलं. आवडाबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांचा भाचा न्यायला आला तेव्हा त्या आपल्या पायांनी चालत गेल्या.

अपेक्षा बत्तिसाव्या नावापुढं खूण करून खुर्चीत बसली आणि तिनं उस्मानपुऱ्याला फोन लावला. शहराच्या त्या भागात ताहेरा आपा राहत होत्या. अपेक्षाच्या आधी तेवीस वर्षं हीच खोली त्यांनी सांभाळली होती. कॅलेंडरच्या पानांवर त्यांच्या भावाच्या छापखान्याचं नाव असे. तारेचा सगळा बेत त्यांचाच असणार, याबद्दल अपेक्षाला शंका नव्हती. तिनं सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाली, आपा, तुम्ही घालून दिलेल्या पद्धतीमुळं आज एक माणूस वाचलं, तुमचे आभार मानायला फोन केला.

पलीकडे आपा हसल्या.

"बेटा, ते माझं नाही," त्या म्हणाल्या. "मी पण तिला एकदा म्हटलं होतं, सारजा, ये कचरा फेक दे. कॅलेंडर तेवढं मी आणून द्यायची, कारण ती दर वर्षी मागायची. कशाला पाहिजे ते तिलाच विचार. मी विचारलं होतं, फार उशिरा."

सारजाबाई अंगणातल्या नळावर हात धूत होत्या. अपेक्षा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं. त्यांनी हात पदराला पुसले. नोकरीला लागल्या त्या वर्षी, त्या म्हणाल्या, इंजेक्शनची चार खोकी कमी भरली होती. खोलीत हात फक्त दोघांचे, तेव्हाच्या साहेबांचे आणि त्यांचे. साहेबांकडे वही होती. पुढं महिन्याभरानं खोकी सापडली, दुसऱ्याच खोलीत. पण तो महिना सगळे त्यांच्या पिशवीकडे बघत होते.

"मला लिवता येत नव्हतं," सारजाबाई म्हणाल्या. "म्हणलं, आपल्याकडं बी कायतरी पायजे. दाखवायला."

"इतक्या वर्षांत कुणी मागितलं का बघायला?"

"नाय. तुमीच पयल्या."

अपेक्षाला गुरुवारपासून जे बोलायचं होतं ते आता तिनं बोलून टाकलं. अलंकार न लावता, एकदाच. मावशी, चूक माझी होती आणि ती तुम्ही सावरली. मी तुमची आभारी आहे. सारजाबाईंनी नळ पुन्हा सोडला, जरा वेळ उगीचच हात धुतले, आणि म्हणाल्या, बरं झालं आवडा घावली.

सोमवारी सकाळी अहवाल गेला. वाटप अठ्ठावीस रुग्णांना, खबरदारीची नावं चार, संपर्क बत्तीस, न सापडलेले शून्य. शेवटी एक रकाना होता, माहितीचा आधार. डॉ. झीशान म्हणाले, तिथं स्टॉक रजिस्टर लिही, सगळे तेच लिहितात. अपेक्षा म्हणाली, सर, ते खरं नाही. आणि तिनं लिहिलं: श्रीमती सारजाबाई, परिचर, यांनी स्वतःहून चोवीस वर्षं ठेवलेली खोक्यांच्या पट्ट्यांची दिनांकवार नोंद. डॉक्टरांनी वाचलं आणि खाली सही केली.

छापील प्रत तिनं सारजाबाईंना दाखवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, माझं नाव कुठंय. अपेक्षानं बोट ठेवलं. त्यांनी ते बोट बाजूला सारून स्वतःचं ठेवलं, एकेक अक्षर जुळवत ओळीच्या टोकापर्यंत गेल्या, आणि पुन्हा सुरुवातीपासून एकदा.

मग त्यांनी प्रत परत दिली. दाराच्या आडोशाला अपेक्षानं सकाळीच खिळा ठोकून ठेवला होता, त्यांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. फ्रिजमागून तार काढून त्यांनी ती तिथं अडकवली, जरा मागं होऊन बघितली, आणि टेबलावरचं नुकतंच उघडलेलं खोकं उचललं.

"मॅडम, ही पट्टी राह्यली व्हती," त्या म्हणाल्या. "आज तुमी ओवा."